खळ

मोदिनात आल्या अबेओकुटाहून,
डावा गाल पिकल्या पपईएवढा झाल्यावर.
दुखत नव्हतं, म्हणाल्या.
दुखत नव्हतं म्हणूनच तर सहा वर्षं गेली.

कामधंदा: कापड रंगवणे.
कोपरापर्यंत हात निळे, नखं काळपट;
ऑपरेशनच्या टेबलावर बोटाला लावलेला चिमटा
त्या निळीतून प्राणवायू वाचेना,
शेवटी कानाच्या पाळीला लावला.

जबड्याचा डावा अर्धा भाग काढला.
त्यातला वाटाण्याएवढा तुकडा बर्फात बसून
तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे आला,
वीज गेलेली, जनरेटर अजून खोकत होता.

दुसरा तुकडा काचपट्टीवर. वाकून पाहिलं:
कडेला ओळीने उभ्या पेशी,
टेकडीवरच्या मापो हॉलच्या खांबांसारख्या ताठ.
केंद्रकं पायथा सोडून वर सरकलेली, सगळी एकजात,
जशी खऱ्या दाताच्या कळीत सरकतात
पांढरा कडक मुलामा ओतायच्या आदल्या दिवशी.
मधे चांदण्यांसारख्या सैल पेशी.
सगळी मांडामांड झालेली.
मुलामा मात्र कणभरही नाही.

कारागीर हत्यारं परजून बसलेत
आणि काम सुरूच होत नाही.
नुसते कारागीर वाढताहेत.

पंधरा दिवसांनी बाबाजिदेने छापील तक्ता आणला.
जे जनुक बोलतं ते लाल, गप्प ते निळं.
मुलाम्याची जनुकं: निळी, जेमतेम कुजबुजणारी.
आणि आईच्या पोटात दोन महिन्यांच्या गर्भाला
‘इथे दात धर’ म्हणून सांगणारी,
ती भडक लाल,
अठ्ठेचाळीस वर्षांच्या, चार नातवंडांच्या बाईत.
शिवाय ब्राफ नावाच्या जनुकात एका जागी
ध चा मा.
एवढंच. एक अक्षर.

वॉर्डात जाऊन मी आपली सांगत बसले.
टाचेच्या पेशीत जी पोथी तीच डोळ्याच्या पेशीत,
प्रश्न कुठलं पान उघडं आणि कुठलं मिटलेलं...
त्यांनी निळा हात वर केला.
तोंडाला पट्ट्या, शब्द अर्धेच येत होते:
कापड एकच असतं गं.
कसाव्याची खळ करायची, पिसाने काढायची.
खळ असते तिथे नीळ चढत नाही.
मापोचे खांब मी असेच काढते, खांब आणि चमचे, खांब आणि चमचे.
रंग झाला की मग खळ खरवडायची.

हो, म्हटलं. तसंच. अगदी तसंच.
(आमच्या प्राध्यापिकेला हे समजावायला
तीन तास आणि चाळीस चित्रं लागतात.)

मग माझी खळ कुणी खरवडली?

मी तक्त्याची घडी केली. उलगडली.
औषध आहे म्हणाले, त्या एका अक्षरावर, पण इथे मिळत नाही,
आणि मिळालं तर परवडत नाही.
ते त्यांनी विचारलं नव्हतं.

त्यांना दात हवा होता.
गाठीच्या पोटात एक दाढ सापडली होती, कधीच न उगवलेली,
पूर्ण घडलेली, मुलाम्यासकट, शंखासारखी.
नियमात बसत नाही. मी ती धुऊन
गॉझमध्ये गुंडाळून खिशातून नेली.

घरी जायच्या दिवशी मागच्या अंगणात
त्यांनी ती उजव्या हातात घेतली, नेम धरला.
लहानपणी पडलेला दात पत्र्यावर फेकायचा,
पण सरड्याने पाहता कामा नये,
पाहिला तर नवा येत नाही.
मला म्हणाल्या, तू शिकलेली, तुझी नजर चांगली,
बघ, आहे का कुठे?

भिंतीवर तीन होते. लाल डोक्याचे,
मान वरखाली करत.

नाही, म्हटलं. फेका.